नावं डावीकडून

पाचवं नाव लिहून झालं आणि मनकर्णाचं पेन कागदावरच अडलं. काम साधं होतं. दिवाळीची कार्डं छापणाऱ्यानं जीवनला सांगितलं होतं, की यंदा फोटोखाली सगळ्यांची नावं टाकू, डावीकडून कोण कोण आहे ते लिहून आणा. जीवननं तो कागद आईपुढं सरकवला. या घरात नावं लिहायचं काम तिचं. पाकिटांवर दिंद्रुड, उमापूर, तेलगाव असे पत्ते घालायचे तेही तिनंच, जाड, सरळ, एकेक अक्षर खुंटीसारखं ठोकून. फोटोत उभं राहायच्या जागा दरसाल त्याच, म्हणून तिनं गेल्या वर्षीचं कार्ड पुढं धरलं आणि त्यावर बोट फिरवत लिहीत गेली. जीवन, थोरला लेक. त्याची बायको शिवकन्या. मधोमध बाकड्यावर ती स्वतः. तिच्या गुडघ्याला टेकलेली नात, राजनंदिनी. उजव्या टोकाला जीवनचा मुलगा अभिमन्यू, नुकतीच मिसरूड फुटलेला. पाच. आणि तेवढ्यात वरून, गच्चीतून, सहाव्या माणसाची हाक आली, "आत्या, आटपा बरं. ऊन भिंतीवर यायच्या आत काढू."

मनकर्णाला मोजायला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. बीडला येण्याआधीची तिची सगळी उमर मेंढरांमागं गेली होती. तिन्हीसांजेला मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरताना शिकलेली माणसं एक, दोन, तीन करीत बसतात. तिला नुसतं बघावं लागे. दोनशे मेंढरांचा लोंढा समोरून सरकून जाई आणि एखादं कोकरू मागं राहिलं असलं तर तिच्या डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होई. म्हाळू, तिचा नवरा, पैजा लावायचा. मुद्दाम एखादं मेंढरू झाडाआड बांधून यायचा आणि विचारायचा, "हाय का समदी?" ती भाकरी थापता थापता मान वर करून म्हणायची, "तो कानतुटका कुठं लपवलाय ते आधी सांगा." रानात तिच्या या नजरेचं कौतुक होतं आणि कौतुक ती घेतही असे, लाजत नसे. आपल्याला काय येतं हे तिला नेहमीच ठाऊक होतं. आणि आता तीच बाई हातात जाड कागदाचं कार्ड धरून बसली होती, घरात माणसं सहा, कार्डावर पाच, आणि डोळ्यात कुसळ शिरायला सहा वर्षं लागली होती.

ती उठली आणि लोखंडी कपाटातून मागची सगळी कार्डं काढली. सहा दिवाळ्यांची सहा कार्डं पलंगावर ओळीनं मांडली. पहिल्या कार्डात राजनंदिनी तिच्या मांडीवर होती, अंगठा तोंडात. मग मांडीवरून उतरली, मग गुडघ्याशी आली. जीवन जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, त्याचं पोट वर्षागणिक पुढं येत गेलेलं. शिवकन्येनं एका वर्षी केस कापले होते, पुढच्या वर्षी ते वाढले होते. मनकर्णा मात्र सहाही कार्डांत तशीच, मधे, दोन्ही हात मांडीवर, मान ताठ. धाकटी सून वर्षाराणी एकाही कार्डात नव्हती. आणि तरी बघावं तिथं तिचाच हात होता. शिवकन्येचा पदर सारखा केलेला तिनं. अभिमन्यूच्या शर्टाचं वरचं बटण लावायला लावलेलं तिनं. मागची भिंत मळकी दिसते म्हणून चादर बांधलेली, म्हाताऱ्या चेहऱ्यावर थेट ऊन नको म्हणून बाकडं दोन हात अलीकडं ओढलेलं, सगळं तिनं. शेजारची अजमतबी गेल्या ईदला वर्षाराणीला हाताला धरून घेऊन गेली होती, पोरींचे फोटो काढायला, आणि परत आणून सोडताना दारातच म्हणाली होती, "मनकर्णाबाई, ये फोटू निकालनेवाली का फोटू कौन निकालता?" मनकर्णा हसली होती. "तिला न्हाई आवडत," असं म्हणाली होती. हे उत्तर तिनं कुणाला विचारून दिलं होतं?

विचारलं नव्हतं. तिला पहिला फोटो आठवला, आणि नुसता आठवला नाही, ती सकाळच डोळ्यांपुढं उभी राहिली. त्याच्या आदल्या वर्षी चैत्रात धाकटा लेक शिवशंकर, वर्षाराणीचा नवरा, तेलगावच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. ते आख्खं वर्ष दोघी बायका दुपारच्या एकाच सतरंजीवर बसून राहिल्या, एक साठीची, एक तेविशीची, मधे रांगणारी पोर. बोलायला काही उरलं नव्हतं म्हणून वर्षाराणीनं एके दिवशी पाटी आणली. "आत्या, बसा. म काढा." ती मनकर्णाच्या भावाची, तानाजीची लेक. सून व्हायच्या आधीपासूनची भाची, म्हणून तिच्या तोंडी कायम आत्याच. मनकर्णानं साठाव्या वर्षी पाटीवर म काढला तेव्हा तो आडव्या पडलेल्या बकरीसारखा दिसत होता आणि दोघी हसल्या होत्या, शिवशंकर गेल्यावर पहिल्यांदा. हसल्यावर दोघींनी एकमेकींकडं बघितलं नव्हतं. पुढच्या दिवाळीपर्यंत ती पाकिटावर पत्ता घालण्याइतकी तयार झाली. मग तिनंच विषय काढला, की घरचा फोटो काढू, कार्ड करू, सगळ्या पाव्हण्यांना धाडू, नावं मी लिहिते. म्हाताऱ्या वयात अक्षर आलेल्या माणसाला ते कुणाला तरी दाखवावं वाटतं, त्यात चोरी काय? फोटोच्या दिवशी सगळे गच्चीत जमले. आणि वर्षाराणी जिन्यातून वर आली. पोपटी लुगडं. केस विंचरून चापूनचोपून बसवलेले. पोरीच्या अंगात नवा झगा. ती फोटोसाठी नटून आली होती. मनकर्णानं ते बघितलं होतं. आज सहा वर्षांनी ती स्वतःशी खोटं बोलू शकत नव्हती. तिनं ते चांगलं दोन डोळ्यांनी बघितलं होतं. आणि पुढं होऊन तिनं वर्षाराणीच्या कडेवरची पोर आपल्याकडं घेतली, मोकळ्या झालेल्या हातात जीवनचा फोन ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाली, "फोटो तू काढ पोरी. तुझा हात न्हाई हलत."

मायेनंच म्हणाली होती, हेच तर सलत होतं. रागानं बोलली असती तर ते कुणीतरी परत फिरवलं असतं. जीवन म्हणाला असता, "माय, असं काय?" पण मायेच्या बोलण्यावर कोण काय बोलणार? वर्षाराणीनं एकदा हातातल्या फोनकडं बघितलं, एकदा बाकड्याकडं, आणि चार पावलं मागं गेली. तिथून ती पुढं आलीच नाही. आणि हे मनकर्णानं कुठून आणलं होतं? वाड्यावरून तर नक्कीच नाही. मेंढरांच्या वाड्यावर, रानात, पाल ठोकून राहणाऱ्या तिच्या माणसांत असलं काही नव्हतं. तिची चुलतसासू छबुबाई पंचविशीत नवरा जाऊन उघडी पडली आणि वर्षाच्या आत तिचा पाट लागला, चार माणसं बसली, गूळ वाटला, झालं. नव्या नवऱ्याच्या घोड्यावर छबुबाई पितळी हंडा मांडीवर घेऊन अशी बसली होती, जणू गावचा पाटीलच. कुणी तिला बाजूला सर म्हटलं नाही. रानात बाजूला सरायला वेळ कुणाला असतो? हे बाजूला सरणं त्यांनी शहरात येऊन उचललं. जीवनला नोकरी लागली, कॉलनीत घर झालं, पहिल्या संक्रांतीला मनकर्णानं हौसेनं हळदीकुंकू केलं. तेव्हा म्हाळू होता. कॉलनीतल्या बायका आल्या, कडक इस्त्रीच्या साड्या, हळू बोलणाऱ्या, आणि मनकर्णानं त्यांच्याकडं लोंढ्याकडं बघावं तसं बघितलं. कोण कुठं बसते, कोण कुणाच्या आधी उठते, कुणाला बोलावत नाहीत, कोण आतल्या खोलीतनंच चहाचे कप बाहेर देते. तिची नजर तयारच होती, एका बैठकीत सगळं शिकून घेतलं. आमी रानातले म्हणून कुणी हसायला नको. अक्षरं शिकायला तिला साठ वर्षं लागली, हे शिकायला एक दुपार पुरली.

आणि त्यात ती स्वतः कुठं बसली? म्हाळू जाऊन बारा वर्षं झाली. सहाही कार्डांत तिचं कपाळ मोकळं आणि जागा मधोमध. लग्नात तिला पुढची खुर्ची, जावळात तिच्या मांडीवर मूल. तेच मोकळं कपाळ तेविशीच्या पोरीला असलं की तिनं फोनच्या पलीकडं उभं राहायचं, आणि पंचावन्नच्या पुढं गेलं की त्याचाच मान होतो? असं वर्षांवर ठरतं का हे? कुणी ठरवलं? मनकर्णानं सहा कार्डं एकावर एक ठेवली, कडा सारख्या केल्या आणि उठली. तिला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटून घेत बसणं तिच्या अंगात नव्हतं. रान चुकलं तर माणूस रडत बसत नाही, मेंढरं वळवतो. तिनं चष्मा पुसला, लुगड्याचा काठ हातानं सपाट केला. आज वर्षाराणी फोटोत येणार. मी सांगते म्हटल्यावर येणार. एवढं तर या घरात माझं चालतं.

गच्चीत मांडणी झालेली होती. दोरीवर पांढरी चादर ताणलेली, तिच्यापुढं लाकडी बाकडं, आणि समोर तीन पायांच्या स्टँडवर फोन. वर्षाराणी वाकून त्यात बघत होती. राखाडी पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, कामाला उभ्या राहिलेल्या बाईसारखी. "अभ्या, हनुवटी खाली घे. लग्नाला स्थळ बघायला न्हाई चाललास." अभिमन्यूनं हनुवटी खाली घेतली. "लई खाली गेली. आता चोरावानी दिसतोस." शिवकन्या हसली आणि जीवनच्या पोटावर चापट मारून म्हणाली, "हे आत घ्या की जरा. कार्डाच्या भाईर येतंय." "कार्ड मोठं छापा म्हणावं," जीवन म्हणाला. मनकर्णा जिन्याच्या तोंडाशी जरा थांबली. तिच्याशिवाय सगळं किती नीट चाललं होतं. ती आली तसे सगळे सरसावून उभे राहिले, दरसालसारखे. ती बाकड्यावर मधोमध बसली आणि राजनंदिनी येऊन तिच्या गुडघ्याला टेकली.

"वर्षा," ती म्हणाली, "तू बी ये."

"कुठं?" वर्षाराणीनं फोनमधून मान वर केली नाही.

"कुठं म्हंजे? फोटोत. ये इकडं."

जीवननं पोट आत घेतलेलं होतं ते तसंच धरून ठेवलं. मग तो म्हणाला, "माय, मग काढायचा कुणी? खालून बोलवू का कुणाला?" शिवकन्येनं त्याच्याकडं बघितलं, त्या बघण्यात 'गप बसा' होतं. वर्षाराणी सावकाश सरळ झाली.

"मला काय करायचंय फोटोत," ती म्हणाली. "बसा तुमी. ऊन येतंय."

"मी म्हणते ना. ये."

"कावून?"

एवढाच शब्द, आवाज न चढवता. मनकर्णाला वाटलं होतं तिचे डोळे भरतील, ती ओढणीनं पुसत येईल, आपण तिला जवळ घेऊ. खरं तर तिला जवळ घ्यायचा तो हात मनकर्णानं जिन्यातच मनाशी उचलून ठेवला होता. पण वर्षाराणीचे डोळे कोरडे होते आणि ती सरळ बघत होती. फोटो काढणारं माणूस बघतं तसं, कुठं काय कमी पडतंय ते.

"कावून म्हंजे काय? घरचं माणूस हायस तू."

"घरचीच हाय की. सहा वर्सं घरचीच हाय." तिनं स्टँडचा एक पाय उगाच अर्धा इंच सरकवला. "आत्या, तुमी म्हणलात भाईर, मी भाईर ऱ्हायले. आज तुमी म्हणता आत. उद्या काय म्हणाल? मी काय मेंढरू हाय का, हाकलं तिकडं जायला?"

"वर्षा!" जीवन म्हणाला.

"तू गप रे," मनकर्णानं त्याला तिथल्या तिथं दाबलं. आणि तिला राग आला, खरा, जुना, तिचा राग. चांगलं करायला जावं तर पोरगी असं बोलते, चारचौघांत, लेकरांपुढं. तोंडावर शब्द आलासुद्धा. पण त्या रागाखाली तिची ती दुसरी नजर जागी होती, आणि त्या नजरेला दिसत होतं, की पोरगी बरोबर बोलते आहे. आपण आत्ता जे केलं ते सहा वर्षांपूर्वी केलं तेच. तेव्हा बाहेर हाकललं, आज आत हाकलतोय. बाकड्यावरून बोट दाखवून. मेंढरं वळवायची म्हणजे काय करतात, हे मनकर्णाला कुणी सांगायला हवं होतं का? मागून ओरडून लोंढा वळत नाही. ओरडलं की बिचकतो, फुटतो. उठावं लागतं, चालत पार पुढं जावं लागतं, आणि पुढच्या मेंढराच्या शेजारी उभं राहावं लागतं. हे तिला येत होतं. तिच्यासारखं कुणाला येत नव्हतं.

मनकर्णा उठली. गुडघा कुरकुरला, तिनं त्याला भीक घातली नाही. चार पावलं चालत ती फोनच्या पलीकडं गेली आणि वर्षाराणीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. इथं ती कधी आली नव्हती. फोनच्या काचेत तिचं घर होतं, लहानसं, उजेडात धुतलेलं. मधे रिकामं बाकडं. दोन्हीकडं माणसं, नेमून दिल्यासारखी. इथून असं दिसतं तर. सहा वर्षं हिला असं दिसत आलं. तिनं राजनंदिनीकडं बघितलं. पोरगी फोनकडं बघतच नव्हती. तिची नजर फोनच्या वरून येत होती, आईच्या तोंडावर. म्हणजे त्या सहाही कार्डांत पोरगी इथंच बघत होती, आणि ती कार्डं मनकर्णानं आपल्या हातानं पाकिटांत घालून गावोगाव धाडली होती.

"चुकलं माझं," मनकर्णा म्हणाली. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिचा आवाज रानात अर्धा कोस जायचा, कुजबुज तिला कधी जमलीच नव्हती. "त्या दिवशी तू नटून आल्तीस. पोपटी लुगडं नेसून. मी बघितलं व्हतं. बघून तुझ्या हातात फोन दिला. लोक काय म्हणतील म्हणून दिला. हात हलत न्हाई हे आपलं वरचं बोलणं." तिनं आपल्या कपाळाला बोट लावलं. "माझं कपाळ बारा वर्सं मोकळं हाय आन मी मधी बसते. मला कुणी उठवलं न्हाई. तुला मी उठवलं. भावाची लेक तू, तुला मी उठवलं."

अभिमन्यू आपल्या बुटांकडं बघत होता. शिवकन्येनं जीवनचा हात धरला होता की दाबला होता, कळत नव्हतं. वर्षाराणीनं मान दुसरीकडं वळवली, बिंदुसरा नदीच्या बाजूला, जिथं घरांच्या गच्च्यांवर वाळवणं होती आणि कुणाचा तरी आकाशकंदील दिवसाच टांगून ठेवलेला होता. "ये" म्हणावं असं मनकर्णाच्या जिभेवर आलं. ते तिनं गिळलं. सांगायचं ते सांगून झालं होतं. आता हिनं यावं, न यावं. न आली तर पाच माणसांचा फोटो निघेल, कार्ड जाईल, आणि पाव्हणे बघतील तेव्हा आपल्याला ठाऊक असेल. तेवढं आपण सोसायचं. सोसता येतं, आपल्याला काय येत नाही?

"जाऊन बसा," वर्षाराणी म्हणाली. ती परत फोनकडं वळली. "ऊन आलं भिंतीवर. आन कुणी हलू नका."

मनकर्णा जाऊन बसली. मधोमध, दरसालसारखी, कारण दुसरं कसं बसायचं ते तिला माहीत नव्हतं. समोर वर्षाराणी वाकली, फोनवर बोट दोनदा टेकवलं, आणि फोन वाजायला लागला. टिक. टिक. तो आपल्या आपण फोटो काढतो हे मनकर्णाला ठाऊक होतं, अजमतबीकडं बघितलं होतं. दहा ठोके देतो आणि काढतो. दोन झाले तरी वर्षाराणी तिथंच उभी होती, हात ओढणीच्या गाठीवर. तिसऱ्याला तिनं गाठ सोडली आणि ओढणी खांद्यावर घेतली. चौथ्याला फोनमागची जागा मोकळी झाली. मनकर्णानं मान वळवली नाही. सगळ्या उमरभर तिनं माणसं आणि मेंढरं जागेवर लावली होती, कोण कुठं उभं राहील हे तिच्या हातात होतं, आणि आता तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, की एखादं बोट चुकून वर उठायला नको. चपलांचा आवाज उजवीकडं गेला. जीवनच्या बाजूला, टोकाला. बरं, टोकाला तर टोकाला. सहावा ठोका. मग आवाज मागून आला, चादरीच्या कडेनं. मागं उभी राहते का? राहू दे. सात. पाऊल पुढं आलं, बाकड्याच्या अंगाला, आणि मनकर्णाच्या खांद्याला ओढणीचं टोक लागलं.

"सरका, आत्या," वर्षाराणी म्हणाली.

या घरात मनकर्णाला सरका असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हाळूनंसुद्धा नाही. ती सरकली. एक वीत सरकली, ते पुरेना म्हणून आणखी एक, बाकड्याच्या अगदी कडेला, एक मांडी बाहेर राहिली तरी. शेजारी माणूस बसलं तसं बाकडं करकरलं, फोनचा शेवटचा ठोका पडला, आणि मनकर्णा अजून सरकतच होती.